हळदीचं बोट

चंद्रावरच्या तळाची अणुभट्टी धगधगत होती, तरी वीज येत नव्हती. हवा खेळवणारा पंखा बॅटरीवर कसाबसा फिरत होता आणि बॅटरीही संपत आली होती.

कुमुदने जाड काचेतून बोराइडची पट्टी पाहिली. कालच बसवलेली, नवीकोरी. भट्टीच्या आचेने तिच्यातून इलेक्ट्रॉन उसळायला हवे होते, त्यांचीच वीज व्हायची; पण पट्टीवर काळपट झाक पसरली होती.

"दत्ताकाका, काल खंडेनवमी होती. खरं सांगा."

तळावरचा तिचा एकुलता एक सोबती खाली मान घालून म्हणाला, "बसवण्याआधी पट्टीला बोटभर हळदकुंकू लावलं गं. कारखान्यात लेथलाही लावायचो."

"लेथला चालतं हो! इथं सगळा खेळ वरच्या अणूभर थराचा. तिथं इलेक्ट्रॉन सोडणारं लँथॅनम हवं, तर तुमच्या हळदीची काजळी बसलीय!"

"मग आता?"

"उरलीसुरली बॅटरी ओतून पट्टी आणखी तापवायची. काजळी उडाली, तर आतलं लँथॅनम वर येईल."

"आणि नाही उडाली तर?"

कुमुदने खटका ओढला. पट्टी पांढरीफटक तापली. मग दिवे गेले, पंखा थांबला. अंधारात दोघांचे श्वास तेवढे ऐकू येत होते. तिला आईची आठवण आली आणि रडू फुटलं.

कुठेतरी काहीतरी कुरकुरलं. पंख्याचं पातं हललं, थबकलं आणि फिरू लागलं.

उजेडात काकांनी पट्टीकडे पाहत हात जोडले, आणि चटका बसल्यासारखे मागे घेतले.

"जोडा हो काका," कुमुद डोळे पुसत म्हणाली, "पण लांबूनच."