लिझेटचा ठोकळा

"हे काय आणलंयस? इस्त्री?"

लिझेटने तो ठोकळा विजेच्या करवतीच्या टेबलावर, वर आलेल्या पात्यासमोर ठेवला आणि मागेपुढे नीट सरकतोय का, ते पाहिलं. कोपऱ्यातल्या स्टुलावर तिचा बाप, आर्मंड थिबो, उजवा हात झोळीत अडकवून बसला होता. खांद्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी करवतीला हात लावायला बंदी केली होती. तोंडाला केली नव्हती.

शनिवारी नव्या मधमाश्या येणार होत्या आणि त्यांना ठेवायला घर नव्हतं. जुन्या पेट्यांचा अस्वलाने चुरा केला होता. नव्या पेट्या म्हणजे फळ्यांच्या टोकांना एकसारखे दात कापायचे आणि एकीचे दात दुसरीच्या खाचांत ठोकून बसवायचे. असा कोपरा व्हरमाँटच्या हिवाळ्यातही उकलत नाही. आर्मंडचे तर कधीच उकलले नव्हते. आणि आज ते काम पोरीच्या हातात! ती दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायची.

"तोंडातले दात घासणं वेगळं आणि लाकडाला दात पाडणं वेगळं," तो म्हणाला.

"हो बाबा."

ठोकळा मुळात दुकानात मिळतो तसलाच होता, पिवळ्या प्लास्टिकचा, लाकूड करवतीकडे ढकलायचा. पण त्याच्यावर बरीच कारागिरी झालेली दिसत होती. पुढे एक उभी पाटी स्क्रूने बसवली होती, फळी तिला टेकून उभी राहावी म्हणून. पाटीच्या पायाशी एक चौकोनी खुंटी होती. एक खाच कापून झाली की ती खुंटीवर बसवायची, म्हणजे पुढची खाच बरोब्बर अंतरावर पडते. पाटीच्या मागे लाकडाचा चांगला जाडजूड तुकडा. फळी कापून पातं मागे निघालं, की त्या तुकड्यातच लपून राही. मूठ काढून टाकली होती. तिच्या जागी चामड्याचा रुंद पट्टा.

"करवतीला चिलखत घातलंयस की स्वतःला?" आर्मंड हसला. "अगं, फळी हातात धरायची. दोन्ही अंगठे फळीमागे टेकवायचे आणि ढकलायची. अंगठ्यांना लाकूड कळतं. तुझा भाऊ रेमी एवढासा होता तेव्हा मी त्याला असंच शिकवलं. कधी ठोकळा मागितला का त्याने?"

"नाही मागितला," लिझेट म्हणाली आणि तिने करवत चालू केली.

भुसा उडाला. एक खाच, मग खुंटी, मग दुसरी खाच. आर्मंड करवतीच्या आवाजापेक्षा मोठ्याने ओरडत राहिला. रेमी असता तर एव्हाना पेटी उभी असती. रेमीच्या हातात जादू आहे, म्हणून तर तिकडे दूर मेन राज्यात त्याच्या कपाटांसाठी लोक थांबून राहतात. आता मोठा कारागीर झाला, दोन वर्षं बापाकडे यायला फुरसत नाही, मेपलच्या झाडांच्या रसाचा पाक काढायलाही आला नाही. चालायचंच. पण असता तर! ज्याला करवत ओळखता येत नाही त्यालाच असल्या कुबड्या लागतात. खालच्या वाटेवरच्या हॉवर्डची दोन बोटं करवतीत गेली, तेव्हा आर्मंडनेच त्याचं 'आठबोट्या' असं बारसं केलं होतं. अजून सगळं गाव त्याला तसंच हाक मारत होतं, त्याच्या बायकोसमोरसुद्धा.

लिझेटने करवत बंद केली. पातं पुरतं थांबेपर्यंत ती थांबली. मग तिने दोन फळ्या काटकोनात धरल्या आणि तळव्याने ठोकल्या. दातांत दात बसले. मध्ये नखही शिरलं नसतं.

आर्मंडने कोपरा पाहिला आणि लगेच नजर काढून घेतली.

"ठोकळ्याने कापलं," तो म्हणाला. "तू नाही."

ती पुढच्या फळ्या आणायला भिंतीकडे वळली. तेवढ्यात आर्मंडने डाव्या हाताने ठोकळा उचलला. त्याला त्यातली खोट काढायची होती. चार बोटं पट्ट्यात अलगद शिरली. अंगठा मात्र बाहेरच लटकत राहिला. त्याने तो इकडे टेकवून पाहिला, तिकडे टेकवून पाहिला. कुठेच जागा नव्हती. त्याचा चेहरा फुलला.

"अरे वा! कुठल्या दीडशहाण्याने केलंय हे? माणसाच्या हाताला अंगठा असतो, एवढंही ठाऊक नाही त्याला?"

लिझेट फळ्या छातीशी धरून उभी राहिली.

"त्याच्या हाताला नाही, बाबा."

"कुणाच्या?"

"रेमीच्या. त्याने त्याच्यासाठी केलाय हा. उजवा अंगठा गेलाय त्याचा. दोन हिवाळे झाले. असेच दात कापत होता, फळीमागे अंगठे टेकवून. पातं मागून निघालं." तिने फळ्या खाली ठेवल्या. "तुमच्या पेट्या मी कापणार म्हटल्यावर पाठवून दिला. म्हणाला, बाबा काय वाटेल ते बोलतील, तू ठोकळा सोडू नकोस."

आर्मंडने हात पट्ट्यातून काढायला झटका दिला. पट्टा बोटांवर आवळला, ठोकळा निघेना. दुसरा हात झोळीत होता.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "दोन वर्षं मला कुणी सांगितलं नाही? मी बाप आहे त्याचा."

लिझेटने पुढे होऊन पट्टा सैल केला आणि ठोकळा त्याच्या हातातून हलकेच काढून घेतला.

"मी म्हटलं होतं त्याला, सांग म्हणून. तो म्हणाला, अंगठा गेला ते सोसलं, बाबांचं हसणं नाही सोसवणार."