मधली जागा

"गाडी म्हणावी तर अशी!" शोरूममध्ये गाडीभोवती फेरी मारत सासूबाई म्हणाल्या. लालचुटूक रंग, मागे उतरत गेलेलं छप्पर, दिसूच नयेत अशा मागच्या दारांच्या कड्या. त्या तडक पुढच्या सीटवर बसल्या आणि पाय लांब केले. मागचं दार उघडूनसुद्धा पाहिलं नाही. जन्मात कधी मागे बसल्या असतील तर ना!

सून मात्र कालच येऊन मागे बसून गेली होती. पुढे ऐसपैस, डिकी दांडगी, स्टिअरिंग हलकं. मागे सगळा आनंदीआनंद! टीचभर खिडक्या, डोक्याला टेकणारं छप्पर, आणि मधे बसणाऱ्याच्या पायाखाली हा एवढा उंचवटा.

"मॅडम, मागे तिघांची अडचण होते हं," सेल्समन बिचारा खरं बोलला होता.

"ते आमचं आम्ही बघू," ती म्हणाली होती.

जुनी गाडी नवरा चालवायचा, शेजारी सासूबाई. मागे एका खिडकीशी नणंद, दुसऱ्या खिडकीशी तिचा नवरा, आणि मधे ही. पोटात जुळी, सातवा महिना, तरी मधेच. एकदा कळ सोसेना म्हणून ती रडकुंडीला आली, तेव्हा सासूबाई मागे वळूनही न बघता म्हणाल्या होत्या, "सवय होते गं. एवढं काय त्यात!" हे ती विसरली नव्हती. तिला विसरायचंच नव्हतं.

पुढे नवऱ्याची पाठ कामातून गेली, डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला बंदी केली आणि किल्ली हिच्या हातात आली.

नवी गाडी दाराशी लागली, त्याच दिवशी सगळे फिरायला निघाले. सासूबाई नेहमीसारख्या पुढच्या दाराशी गेल्या. तिथे त्यांचा मुलगा, पाठीसाठी सीट मागे पाडून, पट्टा बांधून बसलेला. मागे दोन्ही खिडक्यांशी जुळ्यांच्या खुर्च्या घट्ट बसवलेल्या.

"अगं, मग मी कुठे बसू?"

"मधे आहे की जागा, आई."

सासूबाई कशाबशा आत शिरल्या. मुलगा समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिला.

"अगबाई, गुडघे हनुवटीला लागतायत! बाहेरचं काही दिसतसुद्धा नाही!"

सुनेने वरचा आरसा हलवला. मधोमध तो चेहरा नीट दिसेपर्यंत हलवला.

"सवय होते, आई," ती म्हणाली, आणि गाडी लांबच्या रस्त्याला घातली.