पुढच्या रांगेतला माणूस

"पोलिसांच्या बाजूने आलेले तुम्ही पहिलेच," मिताली म्हणाली आणि तिने फॉर्म पुढे सरकवला.

कृष्णकांतांनी फॉर्म जवळ ओढला. बारीक कापलेले केस, ताठ पाठ, पॉलिश केलेले काळे बूट. दारातून आत येतानाच मितालीने त्यांना ओळखलं होतं. समितीच्या कामात तिला माणसं वाचायची सवय झाली होती, आणि त्या सवयीचा तिला थोडा अभिमानही होता.

चाळीस वर्षांपूर्वी शेवरीपाड्याच्या लोकांनी खाडीकाठच्या जमिनीची मोजणी अडवली होती. गोळीबार झाला. पाच माणसं गेली. जमीन घेतली ती साहेबाच्या काळातल्या कायद्याने. साहेब केव्हाच बोटीत बसून गेला, कायदा इथेच राहिला. आता इतक्या वर्षांनी त्या दिवसाचं खरं काय ते नोंदवायला समिती नेमली होती. शिक्षा कोणालाच नव्हती. गोळी झेलणाऱ्यांनी यावं, चालवणाऱ्यांनीही यावं, असं पत्रकात छापलं होतं.

"तुम्ही कुठे उभे होतात?"

"पुढच्या रांगेत."

"हातात काय होतं?"

"काठी."

"मग?"

"पुढचं भीमाबाईंसमोर सांगेन."

मितालीचं पेन थांबलं. भीमाबाई म्हणजे काशिरामची बायको. मेलेल्यांच्या यादीत पहिलं नाव काशिरामचं होतं. चौघांची प्रेतं मिळाली, त्याचं मिळालं नाही. ओहोटीबरोबर वाहून गेला, असं गाव म्हणत आलं होतं.

"त्यांचा मुलगा धर्मराज जरा तापट आहे," ती म्हणाली. "लोक चिडतील. तयारी आहे ना?"

"मला त्यांची माफी मागायची आहे. दिली तर दिली. न मागता मरायचं नाही, एवढंच."

मितालीला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला.

कृष्णकांत नवीन पनवेलला एका खोलीत राहत. तळोज्याच्या एका कारखान्यात गेटवर नोकरी केली, ती सुटूनही बारा वर्षं झाली होती. सोबत ना बायको, ना मूल, ना गावाकडचा कोणी. शेजारच्या बाई दिवाळीला फराळाचं ताट देत. रिकामं ताट परत करताना त्यात काय घालावं हे त्यांना कधी कळलं नाही, म्हणून दर वर्षी ते साखर घालत. दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघत नसे. मग उगाच दुकानात जाऊन आगपेटी मागायची, तेवढंच बोलणं.

रविवारी मात्र ते मासळी बाजारात जात. कोळणींच्या ओळीत भीमाबाई बसायची. ते रस्त्यापलीकडे, रसवंतीच्या आडोशाला उभे राहत. तिची पाटी रिकामी होईपर्यंत बघत, आणि दुसरीकडून सुकट घेऊन घरी येत. तिच्याकडून त्यांनी एकदाही मासळी घेतली नव्हती. धीरच झाला नाही.

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात सकाळी अकराला सुरू झाली. समितीचे अध्यक्ष कमलाकर, निवृत्त न्यायाधीश, मधोमध बसले होते. अर्धा शेवरीपाडा आला होता. भीमाबाईचं सांगून झालं होतं. ती म्हणाली होती, "धर्मराजचा बाप सकाली पेज पिऊन गेला तो गेलाच. आठ दीस खारी शोधली आमी. हाती काय नाय लागला."

मग कृष्णकांत उठले. मितालीने माईक त्यांच्या उंचीला आणून दिला.

"भीमाबाईंचा संसार माझ्यामुळे मोडला," ते म्हणाले. "त्यांच्या लेकराचा बाप माझ्यामुळे गेला. लोक आठ दिवस खाडी धुंडाळत होते. तिथे काही सापडणार नाही हे मला ठाऊक होतं. एक शब्द बोललो असतो तर त्यांचे हाल थांबले असते. मी बोललो नाही."

सभागृहात एकच गलका झाला. धर्मराज खुर्च्या ढकलत पुढे आला.

"कुठं टाकला माज्या बापाला? सांग! हाडं तरी दे त्याची!"

दोघातिघांनी त्याला धरलं. कृष्णकांत त्याच्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षं पाठ केलेलं पुढचं वाक्य ओठांवर येईना. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. याही वेळी पळून जावंसं वाटत होतं. पण ते तिथेच जमिनीवर बसले.

भीमाबाई गर्दीतून वाट काढत आली. तिने धर्मराजला हाताने मागे सारलं. खाली बसलेल्या माणसाच्या हनुवटीला हात लावून तिने त्याचा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. बराच वेळ ती तशीच बघत राहिली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायला त्यांचा हातही वर आला नाही.

"बाई," कमलाकर हळूच म्हणाले, "माफी द्यायची की नाही, ते तुमच्या मनावर आहे. कोणी तुम्हाला भाग पाडणार नाही."

भीमाबाईने हनुवटीवरचा हात काढला नाही.

"तुम्ही ओळखता का यांना?" कमलाकरांनी विचारलं.

"वलखते."

कमलाकरांनी लेखनिकाला खूण केली.

"मग नोंद करून घेऊ. कोण आहेत हे? नाव सांगा यांचं."

भीमाबाईने हात मागे घेतला. खांद्यावरचा पदर ओढून डोक्यावर घेतला आणि मान खाली घातली.

"नाव कसा घेऊ, सायेब? आमच्यात नवऱ्याचा नाव घेत नाय."