हत्तीचं तोंड कुणीकडे होतं

"तोंड कुणीकडे होतं त्याचं?" सासूबाईंनी विचारलं.

"आपल्याकडे," सून म्हणाली.

"आपल्याकडे म्हणजे? घराकडे की दुसरीकडे कुठे? नीट सांग."

ऑपरेशनचा हिरवा गाऊन पाठीमागून बांधताना सुनेचा हात थांबला. तीन नाड्यांपैकी मधली तुटलेली होती. "घराकडे. दारातून आत येत होता."

"मग ठीक."

सासूबाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या. कवळी काढून ठेवल्यामुळे शब्द ओठांतून घरंगळत होते, पण जरब तीच होती. तीस वर्षं त्यांनी घरी शिवणकाम केलं. मापं द्यायला आलेल्या बायका हात वर करून उभ्या राहायच्या आणि स्वप्नं सांगायच्या. साप, पाणी, पडलेले दात यांचा निकाल टेप गुंडाळता गुंडाळता लागायचा. हत्तीची मात्र चौकशी व्हायची. घराकडे येणारा हत्ती म्हणजे अडलेलं काम पार पडणार. बसलेला म्हणजे दुखणं लांबणार. पाठ दिसली, तर घरातलं माणूस जाणार. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. सासूबाई गळा बेततात तसं नजरेनंच बेतलेलं होतं.

पोटातली गाठ महिन्याभरापूर्वी सापडली. ऑपरेशन नाही केलं तर चार-सहा महिने. केलं तर हृदय तेवढा वेळ साथ देईल असं छातीठोक सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी संमतीचा कागद दोनदा कोरा परत पाठवला. पोटच्या मुलाचंही ऐकलं नाही. मग परवा सकाळी चहा गाळता गाळता सून म्हणाली, "आई, काल स्वप्नात हत्ती आला होता." दुपारी त्यांनी सही केली.

"रंग?"

"काळा. ओला होता."

"ओला? परवा ओला नव्हता म्हणालीस."

सुनेच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "पाय ओले होते. दारात पाणी सांडलेलं."

"पायच ना?"

"पायच."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. वाकडी गेलेली शिवण उसवावी की राहू द्यावी, हे ठरवताना त्या अशाच बघायच्या.

सून खाली वाकून त्यांच्या चपला पिशवीत भरू लागली. नवरा खालच्या मजल्यावर रक्ताच्या बाटल्यांसाठी रांगेत होता. आत काही बरंवाईट झालं, तर तो डॉक्टरांना बोलेल, नशिबाला बोलेल. हिच्याकडे बोट दाखवणार नाही. म्हणून तर तिला दोन दिवस घास उतरत नव्हता.

हत्ती तिला सुचला होता तो सासूबाईंमुळेच. तिचं पहिलं बाळ तिसऱ्या दिवशी झोपेतच गेलं. दुसऱ्या खेपेला कळा सुरू झाल्या, तेव्हा ती दाराची चौकट धरून बसली, दवाखान्यात जाईना. सासूबाई जवळ येऊन म्हणाल्या, "पहाटे हत्ती आला होता मला. सोंडेत झबलं होतं. ऊठ." ती उठली. मुलगी आता चार वर्षांची आहे. तिच्या बाबतीत सुनेचा भरवसा डॉक्टरांपेक्षा त्या हत्तीवर जास्त होता.

ट्रॉली घेऊन वॉर्डातले मामा आले. "चला आजी, गाडी लागली. खिडकीची सीट देऊ?"

"पुढची दे. मागे मला मळमळतं."

मामा हसले. चाकांचा खडखडाट करत ट्रॉली लांबलचक बोळातून निघाली. सून एका हाताने चादर सावरत बाजूने चालत होती. बोळाच्या टोकाला फरशीवर लाल पट्टा होता.

"ताई, तुम्ही इथपर्यंतच," मामा म्हणाले.

"एक मिनिट." सून वाकली. "आई, सही अजून मागे घेता येते. मला एक सांगायचंय. तो हत्ती—"

"गप."

चादरीतून सासूबाईंचा हात बाहेर आला. अंगठा तिच्या डोळ्याखाली टेकला. सुयांनी खरबरीत झालेला अंगठा.

"आरशात बघितलंयस का स्वतःला? महिनाभर रात्री स्वयंपाकघरात तुझ्या चपला ऐकतेय मी. झोपत नाहीस, तर स्वप्नं कुठून पडणार तुला?"

सुनेने विचारलं, "मग सही का केलीत?"

"कुणीतरी सांगावं लागतं गं. त्याशिवाय पाय उचलत नाही." सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. "तुझ्या वेळी मी तरी कुठे झोपले होते?"

मामांनी ट्रॉली ढकलली. झुलती दारं एकदा उघडली, दोनदा हलली आणि थांबली.

सून लाल पट्ट्याशी उभी होती. बोळात औषधाचा वास होता आणि कुठेतरी नळ गळत होता. तिने पर्समधून फोन काढून शेजारच्या काकूंना लावला. रात्री मुलीला त्यांच्याकडेच ठेवलं होतं.

"नेलं का आत?" काकूंनी विचारलं.

"हो. आत्ताच. काकू, पिल्लू उठली का?"

"नाही गं, गाढ झोपलीय. तू नको तिची काळजी करूस."

"काकू," ती म्हणाली, "जरा तिच्या नाकापाशी हात धरून बघता का? मी थांबते."