एकोणीस डबे

गळती सापडली तर शिवप्रसादच्या पदरात चार लाख पडणार होते. संभाजीनगरच्या एका हॉटेलवाल्याला जुनी फियाट दारात शोभेला उभी करायची होती आणि त्याची अट एकच होती: फरशीवर तेलाचा थेंब पडता कामा नये. मुंजाजी मिस्त्रीच्या पदरात पडणार होता दोन कप चहा. शिवप्रसादच्या वडिलांच्या, माणिकरावांच्या तेरवीला दोन दिवस झाले नव्हते, त्यामुळं मजुरी मागायची मुंजाजीला लाज वाटत होती, आणि द्यायची शिवप्रसादला आठवण होत नव्हती.

मुंजाजीनं इंजिन डिझेलनं धुतलं, फडक्यानं कोरडं केलं आणि त्यावर तोंडाला लावायची पावडर भुरभुरली. मग गाडी दारासमोरच्या उतारावर सोडून चालू केली. बॅटरीत जीव नव्हता. माणिकरावांची गाडी अलीकडं उतारावरच सुरू व्हायची. पाच मिनिटांत पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ ओघळली. तेलाच्या बारीक नळीला चीर होती. इंजिन चालू असलं तरच गळायचं; बंद केलं की एक थेंब नाही. नळी जुन्या फियाटची, ती काढून नमुन्याला पाठवायची अन् नवी यायला पंधरा दिवस लागणार. हॉटेलवाला तेवढं थांबायला तयार होता.

शिवप्रसादनं खूश व्हायला हरकत नव्हती. पण मोजायची खोड त्याला बापाकडून मिळाली होती. शेडच्या भिंतीला तेलाचे रिकामे डबे ओळीनं मांडले होते. एकोणीस. एकेक लिटरचे, सगळे मुंजाजीच्या हातून आलेले. आणि खालची फरशी कोरडी ठणठणीत. वयाच्या शहात्तराव्या वर्षी स्टेअरिंगला हात लावायचा नाही, असं त्यानं वडिलांना दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं. दर शुक्रवारी पुण्याहून फोन करून तो विचारायचा, आणि माणिकराव सांगायचे, गाडी जागची हलत न्हाई बाबा. मग उभ्या गाडीनं एकोणीस लिटर तेल प्यायलं कसं? उत्तर त्यानं लगेच काढलं. उत्तर समोरच हात पुसत उभं होतं.

"मामा, खरं सांगा. हे तेल गाडीत गेलं, का बाजारात?"

मुंजाजीनं चाळीस वर्षं या गावात पाने फिरवले होते. लोकांनी त्याला आळशी म्हटलं होतं, चिकट म्हटलं होतं. चोर म्हणवून घ्यायची ही पहिलीच वेळ. तो तशाच चालू गाडीत जाऊन बसला आणि शेजारचं दार आतून उघडून दिलं.

सात किलोमीटरवर चुडाव्याचं स्टेशन. बाहेरच्या सपाट मैदानात चिंचेखाली त्यानं गाडी उभी केली, पण बंद केली नाही. मातीवर बाजेएवढा काळा डाग होता, थरावर थर बसून कातड्यासारखा झालेला. पुढची दोन चाकं त्याच्या दोन अंगांना अशी बसली, जशी रोजची जागा असावी.

"घ्या," मुंजाजी म्हणाला. "मोजून घ्या तुमचं तेल."

मग त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. दर शनिवारी माणिकराव परभणीकडून येणाऱ्या पॅसेंजरला यायचे. तिच्या वेळेचा भरवसा नाही. कधी तास, कधी अडीच तास. डोक्याला रुमाल गुंडाळून गाडीतच बसायचे, इंजिन चालू ठेवून. पॅसेंजर आली की उतरणाऱ्यांची तोंडं बघायचे आणि माघारी फिरायचे. नळी बदलू म्हटलं तर नको म्हणायचे. पंधरा दिवसांत दोन शनिवार येतात, अन् नेमका त्यातल्याच एका शनिवारी पोरगं उतरलं तर?

पोरगं उतरलं ते मंगळवारी, भाड्याच्या गाडीतून, मातीला.

शिवप्रसादनं दारातून वाकून डाग बघितला. मग हिशेबात चूक राहू नये म्हणून म्हणाला, "पण मी येतो कधीच म्हणलो नव्हतो. बघतो म्हणायचो."

"तुमचे अण्णा बी तेच सांगायचे," मुंजाजी रुळांकडं बघत म्हणाला. "म्हणायचे, येतो म्हणला असता तर गाडी बंद करून निवांत बसलो असतो. धक्का मारायला पोरगं आलंच असतं. पण त्यो बघतो म्हणलाय. एकट्यालाच माघारी जायचं झालं तर इथं कोण हाय? म्हणून चालूच ठेवायचे, दादा. लय झालं, बंद करा म्हणलं तरी ऐकत नव्हते."

शिवप्रसादनं हात लांबवला आणि किल्ली फिरवली. इंजिन एकदा हादरून गप्प झालं. खाली डागावर शेवटचा थेंब पडला असेल, तो त्याला दिसला नाही. तो उतरला, मागं गेला आणि दोन्ही तळवे डिकीला लावून वाकला.

जमाखर्च असा जुळला: दोन वर्षांचे शनिवार आणि एकोणीस लिटर तेल माणिकरावांच्या नावावर. शिवप्रसादच्या नावावर एक धक्का, तोही स्टेअरिंगवर मुंजाजी बसलेला असताना.