अकरा पेले

“सर, तिबेटच्या माळावर तुम्ही शू कुठे करत होतात?”

विचारलं आणि ईशाने जीभ चावली. स्क्रीनवरचे ‘सर’ म्हणजे तिचेच बाबा, शेजारच्या खोलीतून बोलत होते. २०२१चा मार्च होता. आयर्लंडमधल्या गॉलवेतली तिची शाळा कोरोनामुळे घरातच, ऑनलाइन भरत होती आणि आज पालकांच्या प्रवासाचा तास होता. पैज वर्गमैत्रीण नीव्हची होती. तू हे विचारलंस, तर शनिवारी गार समुद्रात पहिली उडी माझी.

पण शनिवारचंच काही खरं नव्हतं. व्हायोलिन, कथक, कोडिंग, फ्रेंच, वक्तृत्व असे पाच क्लास ऑनलाइन चालू होते. शनिवारी सकाळी आई सहावा ठरवत होती, गणिताचा. ईशाने आजवर एकालाही नाही म्हटलं नव्हतं.

बाबा मोठ्याने हसले. “जिथे याक उभा नसेल तिथे. आणि दिवसातून वीस वेळा. चूक माझीच!”

लग्नाआधीची गोष्ट. चार दिवसांचा प्रवास, पंधरा हजार फुटांवर. याकच्या केसांच्या काळ्या तंबूत एका बाईने त्यांना मीठ-लोणी घातलेला चहा दिला. घशाखाली उतरेना. पण पानात काही टाकायचं नाही, हे घरचं वळण. बाबांनी श्वास रोखून पेला संपवला. बाईने लगेच भरला. तोही संपवला. तिने पुन्हा भरला. अकरा पेले झाले, तेव्हा वाटाड्या कानाशी लागला.

“पुरे झाला असेल तर पेला भरलेलाच ठेवा ना! रिकामा दिसला की ती ओतणारच.”

“ती बिचारी मात्र खुशीत,” बाबा म्हणाले. “तिला वाटलं, काय आवडीने पितोय हा!”

सगळा वर्ग खिदळला. नीव्हने चॅटमध्ये हसरे चेहरे ओतले. ईशाची नजर मात्र टेबलावरच्या क्लासच्या वेळापत्रकावर गेली.

तास संपला. बाबा मिशीत हसत स्वयंपाकघरात आले. आई मोबाइलवर फॉर्म भरत होती.

“ईशा, घालते गं नाव. पाच क्लास एवढ्या आवडीने करतेस, सहावा काय जड आहे?”

ईशा घरात एरवी इंग्रजीतच उत्तर द्यायची. आज मराठीत बोलली.

“नको, आई. शनिवारी मी पोहायला जाणार. आणि ते पाच आवडीने नव्हते करत गं. बाबांसारखीच, टाकायचं नसतं म्हणून संपवत होते.”