लांब मुठीची काठी

गुरुदत्तने दोन्ही हातांनी काठी पेलली आणि दुकानातल्या दुकानात ती एकदा हवेत झोकून बघितली. पिंपरी कॅम्पातलं हे गळ-दोऱ्यांचं दुकान तसं चिंचोळं. काठीचं टोक पंख्याला लागता लागता राहिलं, तसा दुकानदार बंटी हसला. ही काठी परदेशातल्या मस्की नावाच्या दांडग्या माशासाठी बनवलेली आहे, आपल्या धरणातला मोठ्यात मोठा कटलाही तिला जड जाणार नाही, असं तो मघापासून सांगत होता. पण तिची खरी गंमत मुठीत होती. बुडाशी एक कडं होतं. ते सैल केलं की मूठ वीतभर बाहेर यायची, आवळलं की तिथेच पक्की बसायची. होडीत बसायचं तर आखूड ठेवा, काठावरून लांब फेकायचं तर लांब करा.

गुरुदत्तला त्या मुठीने वेडच लावलं. कधी लांब कर, कधी आखूड कर. बंटीने ती त्याच्या कोपराला लावून मापही घेतलं. त्याच्या चाकणच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी. येत्या गुरुवारी पवनेच्या धरणावर जायचं, एकट्यानेच, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात काचेचं दार ढकलून नवनाथ आत आला. त्याच्या शर्टाची उजवी बाही कोपराखाली दुमडून पिनेने टाचलेली होती.

दोघं एकाच कंपनीतले. गुरुदत्त प्लॅनिंगमध्ये, नवनाथ प्रेस शॉपचा सुपरवायझर. सुट्टीचा दिवस धरणाच्या काठावर, एकाच डब्यात जेवायचं आणि एकमेकांच्या माशांच्या बढाया खोट्या ठरवायच्या, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग प्रेसच्या मशीनमध्ये सापडून नवनाथचा उजवा हात गेला. गुरुदत्त हॉस्पिटलात एकदाच गेला. नवनाथला गुंगी होती. त्या पट्ट्यांकडे बघवेना, म्हणून नवनाथच्या बायकोच्या, अंजलीच्या हातात फळांची पिशवी देऊन तो आल्या पावली परत फिरला. पुढे नवनाथ घरी आला, त्याचे फोन येऊ लागले. सुरुवातीला गुरुदत्तने ओव्हरटाइमचं निमित्त सांगितलं. नंतर फोन घेणंच सोडून दिलं. त्या हातासमोर बसून काय बोलायचं, हे त्याला सुचत नव्हतं. आणि जितके दिवस तो गेला नाही, तितकं जाणं अवघड होत गेलं. आता तर नवनाथची गल्ली लागू नये म्हणून तो लांबच्या रस्त्याने घरी जायचा.

नवनाथ काउंटरपाशी येऊन उभा राहिला. त्याने आधी काठीकडे पाहिलं, मग गुरुदत्तकडे. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुझ्यासाठीच बघत होतो ही," गुरुदत्तच्या तोंडून निघून गेलं.

बंटीने मान वर केली. मग तो काउंटरची काच पुसायला लागला. काच आधीच लख्ख होती, आणि गुरुदत्तचे कान गरम झाले. पण निघालेला शब्द मागे घेता येईना, म्हणून तो बोलतच सुटला. ही मूठ लांब होते, बघ. बुडखा काखेत धरायचा, कोपराने दाबायचा, की काठी हलत नाही. डावा हात रीळ फिरवायला मोकळा. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की हे सगळं खरं आहे. अगदी तंतोतंत खरं आहे. आणि इतका वेळ ती मूठ हातात खेळवताना नवनाथचं नाव एकदाही आपल्या मनात आलं नव्हतं. त्याने काठी नवनाथपुढे धरली.

नवनाथने डाव्या हाताने काठी घेतली. बंटीने पुढे होऊन मूठ पूर्ण लांब करून दिली, रीळची दांडी डावीकडे बसवली. नवनाथने बुडखा उजव्या काखेत घातला आणि कोपरापर्यंत उरलेल्या त्या हाताने बरगडीशी घट्ट दाबला. काठी जराशी डगमगली, मग स्थिरावली. त्याने रीळ फिरवलं. एकदा, मग पुन्हा. रीळच्या त्या बारीक करकर आवाजाने त्याचा चेहरा असा काही उजळला, की गुरुदत्तने मान खाली घातली.

"बांधून द्या ही," तो बंटीला म्हणाला. आवाज नको तितका मोठा आला.

नवनाथने काठी सावकाश काउंटरवर ठेवली. खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. रागावल्यासारखा तो दिसत नव्हता. जिना चढून आलेल्या माणसासारखा थकलेला दिसत होता.

"बाहेर तुझी गाडी दिसली म्हणून थांबलो," तो म्हणाला. "बराच वेळ काचेपलीकडे उभा होतो, गुरू. आत यावं की नाही, ठरेना. तू दोन्ही हातांनी झोकून बघत होतास."

बंटी आतल्या खोलीत निघून गेला.

नवनाथने काठी त्याच्याकडे सरकवली.

"तुझीच आहे ती, तूच घे. मला नुसतं सोबत नेत जा."